विश्लेषण : अर्ध्या सेकंदाचा दंड एक सेकंदावर गेला, आणि पिस्तूल स्पर्धेतले विजेतेच बदलले?

नेमबाजी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो ऑलिंपिकमधला श्वास रोखून स्तब्ध उभा असलेला नेमबाज. अमेरिकेत मात्र पिस्तूल नेमबाजीचा एक वेगळाच प्रकार लोकप्रिय आहे. त्यात स्पर्धक जॅकेटखाली लपवलेलं पिस्तूल काढतो, आडोशामागून एकामागून एक टार्गेट टिपतो आणि हे सगळं घड्याळाशी शर्यत लावून करतो. अशा स्पर्धा घेणारी 'इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्टल असोसिएशन' म्हणजेच आयडीपीए ही संघटना 1996 मध्ये स्थापन झाली. 2017 मध्ये तिने नियमांत दोन मोठे बदल केले. त्यावरून झालेला वाद समजून घेण्यासारखा आहे.

गुण मोजतात कसे?

इथे सर्वांत कमी वेळ नोंदवणारा जिंकतो. टार्गेट असतं माणसाच्या आकाराचं, पुठ्ठ्याचं. छातीवरच्या 8 इंची वर्तुळात गोळी लागली तर दंड नाही. त्याबाहेर लागली तर जागेनुसार 1 किंवा 3 दंडगुण आणि टार्गेट पूर्ण चुकलं तर 5 दंडगुण. हे दंडगुण सेकंदांत बदलून स्पर्धकाच्या वेळेत मिळवले जातात.

2017 मध्ये काय बदललं?

पूर्वी एका दंडगुणासाठी अर्धा सेकंद वाढायचा. आता पूर्ण एक सेकंद वाढतो.

समजा, एका स्पर्धकाने 10 सेकंदांत फेरी संपवली, पण 6 दंडगुण घेतले. दुसऱ्याने सावकाश नेम धरून 12.5 सेकंद घेतले आणि दंडगुण फक्त 2. जुन्या नियमाने पहिल्याची वेळ 13 सेकंद, दुसऱ्याची 13.5. म्हणजे पहिला विजयी. नव्या नियमाने पहिल्याचे होतात 16 सेकंद आणि दुसऱ्याचे 14.5. नेमबाज तेच, गोळ्या त्याच, पण विजेता बदलला!

याचा फटका कुणाला?

सर्वांत आधी 'थोडं इकडेतिकडे लागलं तरी चालेल, पण वेग हवा' अशा पद्धतीने खेळणाऱ्यांना. नियमाच्या समर्थकांचं म्हणणं असं की खऱ्या प्रसंगात भरकटलेली गोळी कुणाला तरी लागू शकते, त्यामुळे अचूकतेला किंमत हवीच.

दुसरा फटका नवख्यांना. पूर्ण चुकलेल्या एका गोळीला पूर्वी अडीच सेकंद मोजावे लागत, आता 5. फेरी 15 सेकंदांची असेल आणि तीन गोळ्या चुकल्या, तर वेळ थेट दुप्पट होते. महिन्यातून एकदा हौसेने येणाऱ्याचं नाव यादीत आणखी खाली जातं.

आडोशाचा वाद काय?

टार्गेटवर गोळी झाडताना शरीर आडोशामागे असावं, असा नियम आहे. पूर्वी कमरेखालचं पूर्ण आणि वरचं निम्मं शरीर झाकलेलं आहे की नाही, हे सेफ्टी ऑफिसर नजरेनेच ठरवायचा. चूक धरली की 3 सेकंदांचा दंड. साहजिकच एका अधिकाऱ्याला जे चालायचं, ते दुसऱ्याला चालायचं नाही.

2017 पासून जमिनीवर रेषा आखल्या जाऊ लागल्या. पाय रेषेच्या आत असला की स्पर्धक आडोशामागे आहे असं धरायचं. वाद कमी झाले, पण नवी तक्रार सुरू झाली. पाय आत ठेवून शरीर बाहेर झुकवण्याची युक्ती चालून जाते. खऱ्या प्रसंगात असा माणूस आडोशाबाहेरच असतो. स्वसंरक्षणाच्या सरावासाठी येणाऱ्यांना हे खटकतं. स्पर्धा म्हणून खेळणाऱ्यांना मात्र सर्वांना सारखी लागू होणारी रेषा बरी वाटते.

खर्चाचं काय?

पुढे रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणारं उपकरण लावलेल्या पिस्तुलांसाठी वेगळा गट आला. नजर कमजोर झालेल्या वयस्कर स्पर्धकांची त्यामुळे सोय झाली. पण या गटात उतरायचं, तर रेड डॉट आणि तो बसेल असं पिस्तूल हवं. म्हणजे खिशाला कात्री.

आपल्याकडे असं घडलंय का?

हा खेळ वेगळा असला, तरी नियमबदलाचा अनुभव भारतीय नेमबाजांनाही आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने 2013 पासून अंतिम फेरी शून्यापासून सुरू केली. पात्रता फेरीत मिळवलेली आघाडी तिथे उपयोगी पडेनाशी झाली. त्याच वर्षी कोल्हापूरच्या राही सरनोबतने चँगवॉन विश्वचषकात 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं, ते या नव्या पद्धतीतच.

मग नवा नियम बरोबर की चूक?

स्पर्धा कशासाठी आहे, यावर ते ठरतं. निकाल निर्विवाद हवा, तर रेषा आणि सेकंद हवेतच. खऱ्या प्रसंगाची तयारी हवी, तर त्या रेषा अपुऱ्या पडतात. आयडीपीएला दोन्ही हवं आहे. त्यामुळे नियम बदलला की यातल्या एका गटाची नाराजी ठरलेलीच, आणि सराव मात्र दोघांनाही नव्याने करावा लागतो.