दुकानदाराची शाळा पुरे, आता नियमांची घ्या

छोट्या व्यावसायिकाला जीएसटी झेपत नाही, हे आता सगळ्यांनाच मान्य आहे. त्यावर सुचणारा उपायही सगळ्यांचा एकच असतो. त्याला शिकवा! शिबिर भरवा, हेल्पलाइन काढा, यूट्यूबवर व्हिडिओ टाका, बिलिंगचं ॲप स्वस्तात द्या. या मदतीच्या पोटात एक गृहीतक आहे. नियम ठीक आहेत, दुकानदार अडाणी आहे.

हे गृहीतकच खोटं आहे. दुकानदाराला हिशेब कळतो. उधारीची वही तोंडपाठ असणाऱ्या माणसाला टक्केवारी शिकवायला कुणी जाऊ नये. त्याला जे झेपत नाही, ते मुळात त्याचं कामच नाही. सरकारने आपलं काम त्याच्या डोक्यावर टाकलं आहे, आणि ते ओझं कसं उचलायचं याच्या प्रशिक्षणाला आपण मदत म्हणतो.

आधी साधा प्रश्न, कर किती? सप्टेंबर २०२४मध्ये कोईमतूरच्या एका हॉटेलमालकाने केंद्रीय अर्थमंत्र्यांसमोर गाऱ्हाणं मांडलं. बनवर कर नाही, पण त्यात क्रीम भरलं की १८ टक्के. गिऱ्हाईक म्हणतं, दोन्ही वेगळं द्या, मीच भरून घेतो. सभागृहात हशा पिकला. काही दिवसांत तेच गृहस्थ मंत्र्यांची माफी मागत असल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद भरली आणि पॉपकॉर्नचं कोडं सुटलं. सुटा खारा ५ टक्के, पाकीटबंद १२, कॅरमेलवाला १८. सांगा, यात शिकायचं काय होतं?

२२ सप्टेंबर २०२५पासून ५ आणि १८ असे दोन मुख्य दर राहिले, वर चैनीच्या आणि व्यसनाच्या वस्तूंसाठी ४० टक्के. चांगलं झालं. आठ वर्षं व्यापारी ओरडत होते ते बरोबर होतं, याची ही कबुलीच म्हणायची. पण निर्णय ३ सप्टेंबरच्या रात्री जाहीर झाला, म्हणजे हातात तीन आठवडेही नव्हते. वह्यांवरचा १२ टक्के कर शून्य झाला. पालक खूश. आता स्टेशनरीवाल्याच्या बाजूने बघा. त्याने माल १२ टक्के कर भरून घेतला होता. विक्रीवर कर असता तर तो वळता झाला असता. विक्रीच करमुक्त झाली, त्यामुळे उरलेल्या मालावरचं क्रेडिट परत करा, असा नियम. समोर गिऱ्हाईक म्हणणार, कर गेला ना, मग भाव कमी करा. स्वस्ताईचं श्रेय सरकारला, जुन्या मालाचा फटका दुकानदाराला.

आता त्याहून मोठी गोष्ट. तुम्ही एसटीत बसलात, कंडक्टरला पैसे दिले, तिकीट घेतलं. कंडक्टरने पैसे आगारात भरलेच नाहीत. पुढच्या थांब्यावर तपासनीस चढतो आणि तुम्हाला म्हणतो, तिकीट खरं आहे, पण पैसे पोचले नाहीत, पुन्हा भरा. कोण सहन करेल? जीएसटी कायद्याचं कलम १६ छोट्या व्यापाऱ्याशी असंच वागतं. त्याने माल घेतला, करासकट पैसे बँकेतून दिले, पक्कं बिल घेतलं. पण विकणाऱ्याने ते बिल पोर्टलवर चढवलं नाही किंवा कर सरकारजमा केला नाही, तर घेणाऱ्याचं क्रेडिट जातं. पुरवठादारावर नजर ठेवण्याचं काम कर खात्याचं. अधिकार, माहिती, छापा घालायची ताकद सगळं खात्याकडे. वसुली मात्र सापडायला सोपा असलेल्या माणसाकडून.

तिसरी गोष्ट उधारीची. भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपने मोठ्या कंपनीला एक लाखाचं काम करून दिलं आणि १८ हजार जीएसटी लावून बिल पाठवलं, असं समजा. कंपनी तीन महिन्यांनी पैसे देणार. पण कर, कच्च्या मालावरचं क्रेडिट वजा करून, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा. उशीर झाला की वर्षाला १८ टक्के व्याज. तिमाही विवरणपत्राची सवलत घेतली तरी पैसे महिन्याच्या महिन्याला जातातच. हातात न आलेल्या पैशांवरचा कर तो माणूस घरातून किंवा कर्ज काढून भरतो. जुन्या सेवा कराच्या काळात, २०१२पासून, ५० लाखांपर्यंतच्या व्यक्ती आणि भागीदारी संस्थांना पैसे मिळाल्यावर कर भरायची मुभा होती. म्हणजे हे आपल्याला जमत होतं. ब्रिटनमध्ये छोट्यांसाठी व्हॅटमध्ये अशी सोय आजही आहे. आपण ती काढून घेतली आणि बदल्यात वेबिनार दिले.

यावर उत्तर ठरलेलं असतं. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना आहे ना, व्यापाऱ्याने एक टक्का भरावा आणि सुटावं. सुटतो कुठे? राज्याबाहेर माल विकता येत नाही. गिऱ्हाइकाला क्रेडिट देता येत नाही, म्हणून कारखाने त्याच्याकडून खरेदी करत नाहीत. लहानच राहशील तर सोपं करू, असा हा सौदा आहे.

दुसरं उत्तर जास्त टोकदार आहे. व्यापारी चोर असतात. काही असतात, बोगस बिलांच्या टोळ्याही आहेत. पण जुलै २०२५मध्ये कर्नाटकात काय झालं ते आठवा. यूपीआयच्या नोंदी पाहून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्या. हावेरीतल्या एका भाजीवाल्याला चार वर्षांच्या १.६३ कोटींच्या उलाढालीवर २९ लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, हे नोटीस काढणाऱ्याला तपासावंसं वाटलं नाही. परिणाम? बंगळुरूच्या टपऱ्यांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. शेवटी मुख्यमंत्र्यांना माघार घ्यावी लागली. जो माणूस तुमच्या मोबाइलच्या भरवशावर उजेडात आला होता, त्याला आपण परत अंधारात ढकललं. चोर पकडायच्या नादात प्रामाणिक माणसाला रोखीकडे हाकलणं ही कसली करवसुली?

अन्याय झाला तर दाद मागा म्हणाल, तर कुठे? जीएसटी २०१७ साली आला आणि त्याचं अपील न्यायाधिकरण सुरू झालं सप्टेंबर २०२५मध्ये. व्यापाऱ्याला विवरणपत्र एक दिवस उशिरा भरलं की दंड. सरकारला आठ वर्षं उशीर झाला, त्याचा दंड कुणी भरला?

महाराष्ट्राने एकदा वेगळं करून दाखवलं आहे. एलबीटीविरुद्ध २०१३ साली व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५पासून ५० कोटींखालची उलाढाल असलेल्यांना त्या करातून वगळलं गेलं. त्यासाठी कुणाला शिबिराला बसवावं लागलं नाही. नियम बदलला आणि ओझं उतरलं.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. छोट्यांनी कर पैसे हातात आल्यावर भरावा. बँकेतून पैसे दिले आणि बिल खरं असेल, तर घेणाऱ्याचं क्रेडिट तोडू नये. बुडव्याला खात्याने गाठावं. दर बदलायचे तर वर्षातून एकदा, १ एप्रिलला, पुरेशी आधी सूचना देऊन, आणि शिल्लक मालावरचं नुकसान सरकारने सोसावं. नोटीस काढण्याआधी माल करपात्र आहे का हे अधिकाऱ्याने तपासावं, आणि महाराष्ट्रात ती नोटीस मराठीत असावी.

यातलं काहीही दुकानदाराला शिकायचं नाही. धडा गिरवायचाय तो सरकारने. शिबिराला बसायची पाळी आता त्यांची.