काळा पिक्सेल आणि अर्धे सत्य : ओएलईडीच्या इतिहासातून वगळलेले प्रकरण

#धागा

‘ओएलईडीचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नाचे उत्तर सामान्यज्ञानाच्या तक्त्यात एका ओळीत मावते : चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक, ईस्टमन कोडॅक, १९८७. त्याला जोडून आणखी एक वाक्य हमखास येते. काळा पिक्सेल पूर्ण विझतो, म्हणून हा पडदा वीज वाचवतो. पहिले विधान निर्विवाद आहे. दुसरे अर्धेच खरे आहे, आणि त्याने तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे एक संपूर्ण प्रकरण झाकून टाकले आहे.

टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांचे दोन पातळ थर एकावर एक रचून १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर उजळ प्रकाश मिळवून दाखवला. कामगिरी थोर होती. पण तो एकच दिवा होता. पडदा म्हणजे असे लक्षावधी दिवे. त्यांतील प्रत्येकाला क्षणोक्षणी नेमका किती प्रवाह द्यायचा, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नव्हे, मंडलरचनेचा आहे.

त्या प्रश्नाचा इतिहास १९८७ च्या बराच आधी सुरू होतो. बुडापेस्टमध्ये जन्मलेले पीटर ब्रॉडी यांच्या गटाने पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ६ इंच लांबीरुंदीचे, १२० ओळी आणि १२० स्तंभांचे पडदे घडवले. एक द्रवस्फटिकाचा होता, दुसरा विद्युत्प्रकाशी. या दुसऱ्या पडद्याच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर होता. एक ट्रान्झिस्टर संदेश आत घेई, कपॅसिटर तो जपून ठेवी, दुसरा दिव्याचा पुरवठा सांभाळी. ओएलईडी पडद्याचे मूलभूत मंडल आजही याच सांगाड्यावर उभे आहे. फरक मात्र महत्त्वाचा : ब्रॉडींच्या पडद्यात दुसरा ट्रान्झिस्टर मुख्यतः बटणाचे काम करी. ओएलईडीत त्याला नळाच्या तोटीचे काम करावे लागते, आणि खरी गोम तिथेच आहे.

ओएलईडीची उजळता प्रवाहावर ठरते. चालक ट्रान्झिस्टर आणि डायोड एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे जो प्रवाह दिव्यातून जातो, तोच ट्रान्झिस्टरमधूनही जातो. पुरवठ्याच्या व्होल्टेजचा जो हिस्सा ट्रान्झिस्टरवर पडतो, त्याचा प्रकाश होत नाही. त्याची उष्णता होते. आता अडचण अशी की, काचेवर घडवलेले दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. ज्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर वाहू लागतो तो उंबरठा प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि वापराने सरकतोही. डायोडही झिजतो व त्याच प्रवाहासाठी अधिक व्होल्टेज मागू लागतो. पुरवठा मात्र सर्व पिक्सेलना सामाईक. म्हणजे तो सर्वांत हट्टी पिक्सेलला पुरेल इतका ठेवावा लागतो, आणि उरलेले सारे पिक्सेल ती जादा वीज आपापल्या ट्रान्झिस्टरमध्ये जाळत बसतात. काळ्या पिक्सेलच्या स्तुतिपाठकांना हा हिशेब ठाऊक नसतो.

उंबरठ्याच्या विषमतेवरचा एक निर्णायक उपाय १९९८ मध्ये प्रिन्स्टनच्या सार्नॉफ संशोधन केंद्रातील रॉबिन डॉसन आणि सहकाऱ्यांनी मांडला. (हे केंद्र म्हणजे पूर्वीची आरसीएची प्रयोगशाळा.) चार ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर. प्रत्येक चित्राआधी पिक्सेल आपल्याच ट्रान्झिस्टरचा उंबरठा मोजतो, तो कपॅसिटरवर साठवतो, आणि मग त्याच्यावर चित्राचा संदेश चढवला जातो. दोष काढून टाकता येत नाही, तर तो मोजून वजा करायचा! या कल्पनेला तक्त्यात रकाना नाही.

रसायनाची बाजू हलकी लेखण्याचे कारण नाही. बाल्डो, फॉरेस्ट, थॉम्पसन आदींनी त्याच १९९८ साली स्फुरदीप्त पदार्थ वापरून वाया जाणाऱ्या उत्तेजित अवस्थांतूनही प्रकाश काढून दाखवला, तेव्हा कार्यक्षमतेची जुनी मर्यादाच मोडली. आक्षेप आहे तो एकाच बाजूला सारे श्रेय देण्यावर.

‘डार्क मोड’ने बॅटरी दुप्पट टिकते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी पर्ड्यू विद्यापीठाचा २०२१ चा अभ्यास पाहावा. उजळता ३० ते ५० टक्के असताना काळ्या पार्श्वभूमीने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली. पूर्ण उजळतेला बचत ३९ ते ४७ टक्के होती. पण घरात बसून त्या उजळतेला फोन वापरतो कोण?

मंडलाने काय साधते, याचे स्वच्छ उदाहरण मनगटावर सापडते. पॉलिसिलिकॉनचे ट्रान्झिस्टर चपळ खरे, पण गळके. कपॅसिटरवरचा संदेश त्यांतून हळूहळू झिरपतो, म्हणून चित्र स्थिर असले तरी ते सेकंदाला ६० वेळा पुन्हा लिहावे लागते आणि प्रत्येक लेखनाला वीज लागते. जपानमधील हिदेओ होसोनो यांच्या गटाने २००४ मध्ये इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडचे अस्फटिकी ट्रान्झिस्टर प्रसिद्ध केले. त्यांची गळती अत्यल्प आहे. पुढे एकाच पिक्सेलमध्ये चालक पॉलिसिलिकॉनचा आणि राखणदार ऑक्साइडचा, अशी जोडी जमली. तिलाच एलटीपीओ म्हणतात. २०१९ च्या ॲपल वॉच सिरीज ५ मध्ये पडदा सेकंदाला एकदाच ताजा होण्याइतका मंदावता आला. घड्याळ सतत दिसत राहिले, आणि कंपनीचा १८ तासांचा दावा पूर्वीइतकाच राहिला. पडदा मंदप्रकाशी केला जातो हेही त्यामागे आहेच. तरीही ही बचत काही नव्या चमकत्या रेणूने दिलेली नव्हती.

वेस्टिंगहाउसने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रॉडींचा प्रकल्प गुंडाळला. कोडॅकने २००३ मध्ये ओएलईडी पडद्याचा कॅमेरा विकला आणि २००९ मध्ये तो सारा व्यवसाय एलजी समूहाला देऊन टाकला. २०१२ मध्ये अभियांत्रिकीचे ड्रेपर पारितोषिक जाहीर झाले, त्यात ब्रॉडींचे नाव होते. ते आदल्या सप्टेंबरात वारले होते. गौरव होता द्रवस्फटिकी पडद्यासाठी. दोन ट्रान्झिस्टर आणि एका कपॅसिटरच्या त्या दुसऱ्या पडद्यासाठी नव्हे.