पऱ्हाटीवर क्षयरोगाचे औषध

बांधावरून

जुलै-ऑगस्टात चार दिवस सलग झड लागली की यवतमाळ जिल्ह्यातल्या कृषी केंद्रांवर एका छोट्या पुडीला मागणी येते. तिचे नाव स्ट्रेप्टोसायक्लिन. कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम, पुडीतली पूड एक-दोन ग्रॅम आणि पाणी १० लिटर हे प्रमाण वणीपासून उमरखेडपर्यंत शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. पुडीत आहे काय, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लिन. दोन्ही माणसाची प्रतिजैविके. त्यातले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळाले आणि क्षयावर गुण देणारे पहिले औषध ठरले. पुडी बनवणारी कंपनीही आपलीच. देशाला स्वतःची प्रतिजैविके मिळावीत म्हणून १९५४ साली पिंपरीत उभी राहिलेली सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स.

यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखे काही नाही. शिफारस वर्षानुवर्षे कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यांतूनच आली. कपाशीवर जिवाणूजन्य करपा येतो, पानांवर शिरांच्या चौकटीत अडकलेले कोनाकोनाचे पाणथळ डाग पडतात, रोग वाढला तर बोंडेही सडतात. प्रश्न औषध कोणते, हा आहे.

हा रोग करणारा झँथोमोनास जिवाणू पानावर सुटा-सुटा राहत नाही. तो स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. हा थर म्हणजेच बायोफिल्म. या कुळातल्या जिवाणूचा तोच चिकट पदार्थ ‘झँथन गम’ या नावाने आइस्क्रीम आणि सॉस दाट करायला वापरला जातो. पानावर तो जिवाणूला ऊन, कोरडेपणा आणि औषध यांपासून वाचवतो. रुग्णालयातही असेच घडते. लघवीच्या नळीवर, मधुमेह्याच्या न भरणाऱ्या जखमेत, बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर जिवाणू असेच थर करून राहतात. थरातल्या जिवाणूला मारायला सुट्या जिवाणूपेक्षा कितीतरी पट, काही प्रयोगांत हजार पटीपर्यंत, जास्त औषध लागते. आत काही जिवाणू जवळजवळ निपचित पडून असतात. औषध वाढत्या जिवाणूवर चालते, निपचिताला ते लागतच नाही. शिवाय इतक्या दाटीत जिवाणू एकमेकांना जनुके देतात. स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी ‘एसटीआर-ए’ आणि ‘एसटीआर-बी’ ही जनुके पिकांच्या जिवाणूंत सापडली आहेत, माणसांच्या जिवाणूंतही. वावर आणि दवाखाना यांच्यात जिवाणू कुंपण मानत नाहीत.

म्हणून जगभरातले काही संशोधक वेगळ्या वाटेने निघाले. जिवाणू मारायचा नाही, त्याचा थर जमूच द्यायचा नाही. मारले की जे चिवट ते उरतात आणि वाढतात. नुसते चिकटू न दिले तर तो ताण कमी पडावा, अशी त्यामागची अपेक्षा. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे एक लाल समुद्रशैवाल आपली पाती स्वच्छ ठेवते, कारण त्यातली फ्युरॅनोन संयुगे जिवाणूंचे आपसातले रासायनिक निरोप बिघडवतात. प्रयोगशाळेत त्यांची कृत्रिम रूपेही तयार झाली, पण विषारीपणामुळे औषधापर्यंतची वाट अडली. लसणातले अजोईनही असेच निरोप अडवते. हळदीतला कर्क्युमिन काचेच्या बशीत जिवाणूंचा थर रोखतो, पण पाण्यात विरघळत नाही आणि पोटातून रक्तात नगण्य पोचतो.

उमरखेड-महागाव भागात हळद पिकते, म्हणून हे नीट सांगायला हवे. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे अमेरिकेतले पेटंट रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने आव्हान देऊन १९९७ साली रद्द करून घेतले. त्या विजयाने इतकेच सिद्ध झाले की हे ज्ञान नवे नव्हते. हळद प्रतिजैविकाची जागा घेते, असे त्यातून निघत नाही. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेवर हळद थापून आठवडा काढणाऱ्याला पुढे मोठी किंमत मोजावी लागू शकते.

आपल्या कामाचा धडा दुसरीकडे आहे. लिंबूवर्गीय झाडांवर खैऱ्या आणणारा झँथोमोनास आपल्या कपाशीवरच्या जिवाणूचा अगदी जवळचा नातलग. फ्लोरिडात सुमारे दहा वर्षांपूर्वी त्याच्यावर दोन संयुगे वापरून पाहिली, डी-ल्युसिन आणि वनस्पतींत सापडणारे इंडोल-ॲसिटोनायट्राइल. दोन्हींनी थर बांधणे रोखले आणि तांब्याच्या औषधासोबत फवारल्यावर रोगनियंत्रण सुधारले. म्हणजे तांबे ठेवायचे, पण त्याच्या जोडीला प्रतिजैविक नको, चिकटू न देणारे संयुग द्यायचे. हा प्रयोग कपाशीवर व्हायला नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याहून योग्य जागा कोणती? संत्र्या-लिंबाच्या बागाही त्यांच्या दारातच आहेत.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतल्या या दोन प्रतिजैविकांवर बंदीच्या आदेशाचा मसुदा काढला. २०२४ पासून वापर पूर्ण थांबावा, असे त्यात होते. पण बंदी कागदावर आणि शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही, असे झाले तर पुडी दुसऱ्या नावाने येईल. फवारणीची किंमत या जिल्ह्याला २०१७ मध्ये कळली. विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा तपास आणि धावपळ झाली. औषधाला दाद न देणारा जिवाणू असा एका हंगामात मोजता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी धावपळही होत नाही.

तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे. लाल्या दिसला की पुडी फवारू नका. तो बहुतेकदा मॅग्नेशियम किंवा नत्राच्या कमतरतेचा असतो, जिवाणूचा नाही. बुरशीच्या ठिपक्यांवरही प्रतिजैविक वाया जाते. हंगाम संपला की रोगट पऱ्हाटी वावरात ठेवू नका, पीक फेरपालट करा. आणि कृषी खात्याने आपल्या सल्ल्यातून स्ट्रेप्टोसायक्लिनची ओळ काढून टाकावी. हे काम एका परिपत्रकाने होते, त्याला संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

— शिवारकर