मास्तरांचा बार, पोराचा दाखला

शाळेच्या फाटकावर पाटी आहे. या संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणं गुन्हा. २००३ च्या कायद्याची पाटी. पाटीच्या आत, स्टाफरूममध्ये, सर तळहातावर चुना घालून तंबाखू मळतात, बार भरतात आणि सातवीच्या वर्गावर जाऊन 'व्यसन एक शाप' शिकवतात. तोंड वर करून शिकवतात. खाली केलं तर ओघळ येईल.

मित्रांनो, माझं भांडण सरांच्या तंबाखूशी नाही. मी गोदीत ठेक्यावर गोणी उचलतो. रात्रपाळीला आमची टोळी झोप आणि भूक दोन्ही तंबाखूनंच मारते. नशा माणसाला कुठं गाठते हे मला पुस्तकात बघावं लागत नाही. माझं भांडण तराजूशी आहे. एका शाळेत दोन तराजू कसे?

मास्तर पिऊन वर्गावर आले तर काय होतं? खाजगी शाळांच्या नोकरांसाठी १९७७ चा कायदा आहे, १९८१ चे नियम आहेत. कायम मास्तरांना आरोप लेखी द्यावे लागतात. खुलासा घ्यावा लागतो. चौकशी समिती बसते, तिच्यात मास्तरांनी नेमलेला माणूस बसतो. तरी काढलंच तर शाळा न्यायाधिकरणात अपील. हे बरोबरच आहे. राबणाऱ्या प्रत्येकाला एवढं मिळालंच पाहिजे. आम्हाला मुकादम 'उद्या येऊ नको' म्हणतो, झाली चौकशी! पण मास्तरांची गोष्ट बहुतेक तिथवर जातच नाही. 'त्यांच्या घरी जरा अडचण आहे हो,' म्हणत हेडमास्तर पांघरूण घालतात.

आता पोराचं बघा. दप्तरात गुटख्याची पुडी सापडली. २०१२ पासून राज्यात बंदी असलेला, तरी नाक्यावर मिळणारा गुटखा. ना लेखी आरोप, ना खुलासा, ना समिती. भर प्रार्थनेत कान धरून उभा. आईला धुण्याभांड्याच्या कामावरून बोलावणं. आणि दाखला हातात. वर कारण लिहिणार 'पालकांच्या विनंतीवरून'. हाकलणार हे, आणि विनंती आईची!

२००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, आठवी होईपर्यंत पोराला शाळेतून काढता येत नाही, मारता येत नाही, छळता येत नाही. मग कायदा मोडला कुणी? २०१५ चा बाल न्याय कायदा तर पोराला दारू, तंबाखू, अंमली पदार्थ देणाऱ्यालाच सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतो. पोरगं बळी आहे, देणारा धरा, असा त्याचा अर्थ. आणि 'जा रे, टपरीवरून सरांची पुडी आण' असं म्हणून पोराला त्या टपरीची वाट दाखवली कुणी?

झडतीसुद्धा कुणाच्या दप्तराची? वस्तीतल्या. सोसायटीतल्या पोराकडे सापडलं की भाषा बदलते. त्याला 'प्रॉब्लेम' असतो, त्याला काउन्सेलिंग असतं. आमच्या पोराला 'वळण' नसतं, 'संस्कार' नसतात. आडनाव वाचून रोग सांगणारे हे डॉक्टर!

हा तराजू जुना आहे. याच मुंबई बंदरातून एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू पेट्या भरभरून चीनला गेली. कापसाच्या आणि अफूच्या व्यापारात सर जमशेटजी जीजीभॉय गब्बर झाले. त्यांच्या देणगीतून १८५७ साली निघालेली कलाशाळा आजही त्यांच्या नावानं उभी आहे. पेट्या विकल्या तर शाळेला नाव लागतं. पुडी सापडली तर शाळेतून नाव काढतात.

'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द. त्या शब्दाच्या दारातून आमचं पोरगं एका पुडीवर परत पाठवतात, आणि दोनचार वर्षांनी ते ठेकेदाराच्या दारात उभं राहतं. तिथं नशेला कुणी हरकत घेत नाही, गोणी उचलली म्हणजे झालं.

म्हणून मागणी साधी आहे. मास्तरांना खुलासा, तर पोरालाही खुलासा. मास्तरांना उपचाराला रजा, तर पोरालाही डॉक्टर आणि बाकावरची जागा शाबूत. झडती घ्यायचीच तर स्टाफरूमच्या कपाटापासून सुरू करा.

आणि तुम्ही, वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनो, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ पाठ करा. कुठल्याही आईच्या हातात असा दाखला पडला तर तिला एकटीला हेडमास्तरांपुढं उभी करू नका. दहाजण जा. शांतपणे खुर्च्या ओढून बसा आणि विचारा, चौकशी समिती कुठाय? उत्तर लेखी घेतल्याशिवाय उठू नका.