भाव हवाच, उपचारही हवा



गेल्या हंगामात आमचा एक जुना कार्यकर्ता बैठकांना यायचा थांबला. आधी वाटले, वेचणीची घाई असेल. मग वाटले, कापसाच्या भावाने खचला असेल. घरी गेलो तर माउली म्हणाली, "रात्री तीनला उठून ओसरीवर बसतात. जेवणावर मन नाही. तूर चांगली झाली, त्याचंही काही वाटत नाही." आम्ही त्याला दोन तास धीर दिला आणि परत आलो. ती आमची चूक होती. त्याला भाषण नको होते, डॉक्टर हवा होता. पुढे त्याच्या मेव्हण्याने दवाखान्यात नेले, म्हणून तो आज आपल्यात आहे.

शेतीशास्त्र शिकलेल्या आम्हाला हे आधी कळायला हवे होते. पावसाने ओढ दिली की कपाशी पाते गाळते. तिला कोणी आळशी म्हणत नाही. ताण पडला म्हणतो. माणसाच्या अंगातही ताणाचे संप्रेरक आहे. त्याचे नाव कॉर्टिसॉल.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहान ग्रंथी असते. संकट दिसले की मेंदूचा निरोप पियुषिका ग्रंथीमार्फत तिथे पोचतो आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरते. साखर वाढते, अंगात बळ येते. सकाळी उठायच्या सुमारास ते भरपूर असते, मध्यरात्री सर्वांत कमी. पुरेसे झाले की तेच मेंदूला सांगते, आता थांब. टाकी भरली की फ्लोट मोटार बंद करतो, तसेच हे.

नैराश्याच्या आजारात अनेकांचा हा फ्लोट अडकतो. टाकी वाहते तरी मोटार चालूच. १९८१ साली अमेरिकेत बर्नार्ड कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरची एक तपासणी मांडली. रात्री ११ वाजता डेक्सामेथॅसोनची १ मिलिग्रॅमची गोळी द्यायची. निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवशी दबलेले राहते. तीव्र नैराश्याच्या अनेक रोग्यांत ते दबले नाही. ही गोळी नैराश्यावरचा उपचार नव्हे, ती मनाने घेऊ नका. सगळ्याच रोग्यांत असे होत नाही, म्हणून नुसत्या रक्तावरून निदानही होत नाही. पण एवढे नक्की, की बिघाड शरीरातही असतो. तो भेकडपणा नव्हे.

आता कोणी साहेब म्हणेल, बघा, शेतकरी मरतो तो भावाने नव्हे, मनाच्या आजाराने. हा डाव आम्ही ओळखून आहोत. हप्ता, सावकार, पडलेला भाव, फुटलेला बांध यांचा ताण वर्षानुवर्षे पडत राहिला, तर कोणाचा फ्लोट टिकेल? तो हिशेब आम्ही मागणारच. पण उलट चूक आपणही करतो. कर्ज फिटले की माणूस आपोआप बरा होईल असे धरून बसतो. बिघडलेला फ्लोट नुसत्या पावसाने सुटत नाही.

उपचार गावापर्यंत पोचतो, हे आपल्याच विदर्भात दिसले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ साली हे आकडे प्रसिद्ध झाले.

तेव्हा ठरवू या. दोन आठवडे कोणाची झोप, भूक, कामातला रस गेला असेल, तर त्याच्याशेजारी बसा. मरणाचे विचार येतात का, असे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार येत नाहीत. फवारणीचे औषध त्या घरातून हलवा. त्याला एकट्याला न पाठवता जिल्हा रुग्णालयात सोबत जा. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच सोडू देऊ नका. १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र फुकट, मराठीतही बोलता येते.

आणि पुढच्या बैठकीत कोण आले हे मोजण्याआधी, कोण यायचे थांबले ते विचारा.