देश नसलेल्या मुलाचा सॅक्सोफोन

साल १९६१. नॉर्वेची राजधानी ओस्लो. रेडिओवर अमेरिकेचा जॉन कोल्ट्रेन सॅक्सोफोन वाजवत होता आणि तो ऐकून चौदा वर्षांचा यान गार्बारेक अक्षरशः खुळावला. आईवडिलांकडे त्याने सॅक्सोफोनचा हट्ट धरला. वाद्य हाती यायला अवकाश होता. मग पठ्ठ्याने पुस्तक मिळवले आणि कोणत्या सुराला कोणती बोटे, हे आधीच घोटून ठेवले! पुढच्याच वर्षी हौशी जॅझ वादकांच्या स्पर्धेत तो पहिला आला.

यानचे वडील पोलंडचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांना युद्धकैदी म्हणून नॉर्वेत आणले होते. आई तिथल्याच एका शेतकऱ्याची मुलगी. यान जन्मला नॉर्वेत, ४ मार्च १९४७ रोजी. पण कायदा असा, की सात वर्षांचा होईपर्यंत तो कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. पुढे जगाने नॉर्वेचा सूर म्हणून ओळखला, तो मात्र याच मुलाचा.

सुरुवातीचा गार्बारेक सौम्य नव्हता. १९७० सालची 'आफ्रिक पेपरबर्ड' ही ध्वनिमुद्रिका ऐकावी. सॅक्सोफोन ओरडतो, कण्हतो, मध्येच फाटतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तिथून सुरुवात न केलेली बरी! पण तेव्हा स्वीडनमध्ये राहणाऱ्या डॉन चेरी या अमेरिकन वादकाने त्याला नॉर्वेच्या लोकसंगीताकडे वळवले होते. हळूहळू सूर कमी झाले, त्यांच्यामधली शांतता वाढली. १९७६ च्या 'दिस'मध्ये तर साथीला समुद्रावरच्या वाऱ्याने वाजणारी तारांची वीणा आहे.

आपल्याकडच्या कलावंतांशीही त्याचे छान जमले. व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्या 'साँग फॉर एव्हरीवन'मध्ये तो झाकिर हुसेन आणि त्रिलोक गुर्टू यांच्यासोबत वाजला. (त्रिलोक म्हणजे ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव.) १९८७ च्या 'मेकिंग म्युझिक'मध्ये झाकिरभाईंचा तबला आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी होती. सॅक्सोफोन भसाडा, बासरी मऊ. तरी गार्बारेक तिच्यावर कुरघोडी करत नाही. पुढे पाकिस्तानचे उस्ताद फतेह अली खाँ यांच्यासोबत त्याने 'रागाज अँड सागाज' केली.

खरे आश्चर्य घडले ते १९९३ साली, ऑस्ट्रियातल्या एका मठात. इंग्लंडच्या हिलियर्ड एन्सेम्बलचे चार गायक शेकडो वर्षे जुनी चर्चमधली पदे, होती तशीच गात होते. गार्बारेकपुढे लिहिलेले काही नव्हते. पाचव्या गायकाने आयत्या वेळी आवाज मिळवावा तसा तो मधून मधून शिरत होता. ही 'ऑफिशियम' दहा लाखांहून अधिक खपली. पुढे मैफलींत ही मंडळी चर्चमध्ये चालत चालत गात-वाजवत; सूर नेमका कुठल्या कोपऱ्यातून येतो आहे ते कळत नसे. २०१४ च्या अखेरीस हिलियर्डचे गायक निवृत्त होईपर्यंत ही जोडी टिकली.