मीटरवर मोजलेले तांबे

पुण्याच्या तापकीर गल्लीत भर दुपारी उभे राहणे हे साठीनंतरच्या माणसाचे काम नव्हे. पण परवा उभा राहिलो. माझ्या एका जुन्या कर्जदाराचा मुलगा भोसरीच्या शेडमध्ये नवे यंत्र बसवतो आहे. "काका, तुम्ही बँकेत होता, भाव करायला चला," म्हणाला. बँकेतल्या माणसाला भाव करता येतो हा समज अजून शिल्लक आहे, याचे बरे वाटले. त्याला शंभर मीटर फ्लेक्झिबल केबल हवी होती. फोर कोअर, चार एमएम. दुकानदाराने आकडा सांगितला आणि लगेच पुस्ती जोडली, "हा भाव संध्याकाळपर्यंत. उद्याचं उद्या."

मुलगा वैतागला. दुकानदार मात्र खोटे बोलत नव्हता. केबल आपण मीटरवर विकत घेतो, पण पैसे मोजतो ते मुख्यतः तांब्याच्या वजनाचे. चार चौरस मिलिमीटरच्या चार तारा, लांबी शंभर मीटर. हिशेब केला तर आत साधारण चौदा किलो तांबे निघते. त्याचा भाव ठरतो लंडनच्या धातुबाजारात, डॉलरमध्ये. २००३ च्या सुरुवातीला तिथे टनाला सोळा-सतराशे डॉलर पडत. फेब्रुवारी २०११ मध्ये दहा हजार ओलांडले, मे २०२४ मध्ये अकरा हजार. आपल्याकडे तांब्याच्या खाणी थोड्या. तुतिकोरिनचा वर्षाला चार लाख टनांचा कारखाना मे २०१८ मध्ये बंद झाला. प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तेरा माणसे गेली होती, तेव्हा तो बंद का झाला असे विचारण्याची सोय नाही. पण तोवर शुद्ध तांबे निर्यात करणारा आपला देश त्यानंतर ते आयात करू लागला. डॉलर महागला की भोसरीची केबल महागते ती अशी. वर अठरा टक्के जीएसटी.

मोठ्या कारखान्याचे यात फारसे बिघडत नाही. त्याचा खरेदी विभाग असतो, चाचणीचे प्रमाणपत्र मागण्याइतका दरारा असतो. छोट्या माणसाचे निराळे. तो कोटेशन घेतो, बँकेत देतो, मंजुरीला दोन महिने लागतात. तोवर तांबे चढलेले असते, मंजूर रक्कम मात्र तेवढीच. यंत्राची किंमत कमी होत नाही, शेडचे भाडे कमी होत नाही. केबल सर्वांत शेवटी घ्यायची असते आणि ती पत्र्याच्या नळीत जाऊन दिसेनाशी होते. म्हणून कात्री तिथेच लागते.

ही कात्री मी स्वतः चालवलेली आहे. १९९४ साली या मुलाच्या वडिलांचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. विद्युत जोडणीसाठी त्यांनी अठरा हजार मागितले होते. तीन कोटेशने होती, सर्वांत खालचे अकरा हजारांचे. खालचे घ्यावे ही आमची शिस्त. मी अठरावर लाल रेघ मारून अकरा लिहिले आणि बँकेचे सात हजार वाचवले म्हणून त्या दिवशी जरा खूषही होतो. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, दुसऱ्या पाळीत, पॅनेलजवळच्या वळणावर केबलचे आवरण तापून मऊ पडले आणि भडका उडाला. लेथवरच्या कामगाराचा उजवा हात भाजला. त्याची दोन बोटे पुढे कधी सरळ झाली नाहीत. मी तपासणीला गेलो तेव्हा तो दाराशी बसून होता. बँकेच्या छापील अर्जात कामगाराविषयी रकाना नव्हता. "यंत्र सुस्थितीत" असे लिहून मी परत आलो. कर्जदार त्या सात हजारांबद्दल मला कधीही एक शब्द बोलले नाहीत. हप्ते मात्र वेळेवर भरत राहिले.

२००३ च्या सरकारी आदेशाने अशा तारांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. नियम चांगला आहे. चार एमएमच्या लवचीक तारेचा रोध वीस अंश तापमानाला किलोमीटरला ४.९५ ओहमपेक्षा जास्त नसावा, इतके नेमके त्यात बांधलेले आहे. पण आवरणावर "चार" छापून आत तीनच एमएम भरले, तर गिऱ्हाईक काय रोध मोजणार? शंभर मीटरमागे साडेतीन किलो तांबे गायब होते. किलोला हजार रुपये धरा, साडेतीन हजार. काही ठिकाणी तर तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. बारीक तारेत वीज उष्णता होऊन वाया जाते ती वेगळीच. दहा हॉर्सपॉवरची मोटर, तीस मीटर केबल, दोन पाळ्या, एवढ्यावर वर्षाला दीडशेच्या आसपास जादा युनिटे केवळ केबल तापवण्यात जातात. स्वस्त केबलचे बिल असे दर महिन्याला येत राहते, फक्त त्यावर केबलचे नाव नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की बँकांनी, आणि निविदा काढणाऱ्या सरकारी खात्यांनीही, केबलसाठी सर्वांत खालचा भाव ही कसोटी सोडावी. कोटेशनमध्ये मीटरच्या भावाशेजारी तांब्याचे वजन आणि रोध लिहून मागावा. मंजुरीला उशीर झाला तर तांब्याच्या वाढीव भावापुरती रक्कम वाढवून द्यावी. एरवी आम्ही बँकवाले व्याजाचा दर वाढला की दुसऱ्या दिवशी पत्र पाठवतो.

परवा आम्ही दोन दुकानांतून एकेक मीटर नमुना विकत घेतला. दुकानदार हसले, पण दिला. घरी आमच्या सौ.च्या स्वयंपाकाच्या काट्यावर, आवरण सोलून, नुसते तांबे तोलले. चारही तारा मिळून एकशे बेचाळीस ग्रॅम यायला हवे होते. एक भरला एकशे चाळीस, दुसरा एकशे आठ. दोन्हींवर "चार" छापलेले. भावात मीटरमागे चाळीस रुपयांचा फरक, म्हणजे शंभर मीटरला चार हजार. मुलाने खिशातल्या कागदावर बराच वेळ आकडेमोड केली. दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्या दुकानातून केबल उचलली. ऑफिसच्या केबिनला काच बसवायची होती, ती आता पुढच्या वर्षी.